देव चार फूट पूर्वेला

टेपचं एक टोक माझ्या हातात होतं, दुसरं सखाराम मुकादमाच्या. मधे देव होता.

"साहेब, टेप देवाच्या डोक्यावरून नेऊ का?" सखारामाने विचारलं.

मी काही बोलायच्या आत सोसायटीचे सेक्रेटरी नाडकर्णी म्हणाले, "डोक्यावरून कशी न्याल? पायाशी लावा. आणि आधी पायातलं काढा."

मी बूट काढले. सखारामाने चपला काढल्या. मी देवाला हात जोडले आणि मगच टेप पायाशी लावली. सोसायटीची सात-आठ माणसं मागे उभी होती. त्यांनी एकमेकांकडे बघून माना हलवल्या. म्युनिसिपालिटीचा माणूस असूनही संस्कारी आहे, असा त्याचा अर्थ होता. मला बरं वाटलं.

नोकरीला लागून मला तेव्हा सहा महिने झाले होते. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी सातवीच्या पुढे गेलं नव्हतं. देवरुखच्या शाळेत हेडमास्तरांनी माझी फी माफ करून घेतली, पुण्यात एका लांबच्या ओळखीच्या माणसाने जेवायला घातलं, म्हणून मी इंजिनिअर झालो. त्यामुळे छापील नियम, टाइप केलेला अर्ज आणि देव या तिघांपुढे मी सारख्याच श्रद्धेने उभा राहत असे. त्या दिवशी तिन्ही एकाच ठिकाणी होते.

अर्ज सुविचारनगर सोसायटीचा होता. एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या मधली ही गोष्ट. अंधेरी स्टेशनपासून पश्चिमेला वेसाव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर तेव्हा भाताची खाचरं होती, ताडाची झाडं होती आणि मधेमधे नोकरदारांच्या नव्या बंगल्यांच्या सोसायट्या उभ्या राहत होत्या. सुविचारनगर त्यातली एक. चौदा बंगले, चौदा सह्या. सोसायटीच्या पूर्वेला हिरूबाई नावाच्या कोळणीचं जुनं कौलारू घर होतं. ती अंधेरीच्या बाजारात मासळी विकायची. तिने घराला लागून एक खोली बांधायला काढली होती. भिंती छातीपर्यंत आल्या होत्या. अर्जाचं म्हणणं असं की, ही खोली सेटबॅकमध्ये येते, सबब पाडावी.

सेटबॅक म्हणजे काय ते सांगतो. आपल्या जमिनीची हद्द आणि आपल्या घराची भिंत यांच्यामधे काही जागा मोकळी सोडावी लागते. उजेड यावा, वारा खेळावा, आग लागली तर बंबवाल्यांना शिरता यावं, यासाठी. उपनगरं नुकतीच मोठ्या मुंबईत आली होती आणि हे नियम लोकांना नवे होते. बाजूची हद्द असेल तर आमच्याकडे दहा फूट जागा लागे. हिरूबाईच्या मंजूर नकाशावर दहा फूटच दाखवली होती. प्रत्यक्षात किती सोडली, एवढंच मला बघायचं होतं.

"हद्द कुठं आहे?" मी विचारलं.

"हीच," नाडकर्ण्यांनी देवाकडे हात केला. "श्रीक्षेत्रपाल. फार जुनं स्थान आहे. सोसायटी झाली तेव्हा गवतात सापडले. अंगावर त्रिशूळ कोरलेला आहे, शेंदुरामुळे आता दिसत नाही. आमचं तारेचं कुंपण बघा, प्रदक्षिणेपुरतं सोडून देवाच्याच रेषेत सरळ रस्त्यापर्यंत गेलंय."

देव गुडघ्याएवढा उंच होता. शेंदराची पुटं चढून चांगला गुबगुबीत झाला होता. वर पत्र्याची शेड, खाली शहाबादी फरशी, आणि चारी बाजूंनी प्रदक्षिणेला जागा.

सखाराम माझ्या कानाशी आला. "साहेब, दगड जरा खरवडून बघायला पायजे."

"देवाला खरवडतोस?" मी म्हणालो.

त्याने टेप ताणून धरली. त्याची नोकरी बावीस वर्षांची होती. माझी सहा महिन्यांची. पण पदवी माझ्याकडे होती.

देवापासून हिरूबाईच्या नव्या भिंतीपर्यंत सहा फूट भरले. बरोबर सहा. मी फील्ड बुकमध्ये लिहून घेतलं. फील्ड बुक म्हणजे जागेवरची मोजमापं जिथल्या तिथे लिहायची वही. नंतर आठवून लिहायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम.

मग नाडकर्ण्यांकडे चहा झाला. ते एका विमा कंपनीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले होते. बोलणं व्यवस्थित, परिच्छेद पाडून.

"गैरसमज नको," ते म्हणाले. "आमच्याकडे चौदा घरांत पाच जाती आहेत. आम्ही जातपात मानत नाही. आम्ही फक्त सेटबॅक मानतो."

"बरोबर आहे."

"आणि ती खोली कशासाठी आहे, माहीत आहे? बाळंतपणासाठी. लेक यायची आहे पहिलटकरीण. देवाच्या अगदी कुशीत! आम्ही सुधारलेली माणसं, सोयरसुतक मानत नाही. पण देव जुना आहे हो. त्याचं काय?"

मी बिस्किट उचललं. बिस्किटं चांगली होती. हिरूबाई बाजारात गेली होती, म्हणून मी तिच्याकडे गेलो नाही. परत येऊन तिला काही विचारावं, असंही मला वाटलं नाही. नियम होता, टेप होती, आकडा होता. मी रिपोर्ट लिहिला आणि दुसऱ्याच दिवशी तिला काम थांबवायची नोटीस गेली. बांधकाम आहे त्या स्थितीत थांबवावे, अन्यथा पाडण्यात येईल, अशी.

चौथ्या दिवशी ती ऑफिसात आली. पाटीसकट.

पाटी दारातच उतरवून ती सरळ माझ्या टेबलापाशी आली. पन्नाशीची, सडसडीत, आवाज बाजारातला. तिची बोली मला जशीच्या तशी लिहिता येणार नाही, पण साधारण अशी.

"तूच का रं तो, देवापासून मोजणारा?"

"बाई, नियम दहा फुटांचा आहे. तुम्ही सहाच सोडलेत."

"मी दहा सोडलेत. गवंड्यानं दोरी लावून सोडलेत, मी सोता उभी होते. तू कुठून मोजलंस?"

"हद्दीवरून."

"हद्दीवर काय हाय?"

"देव."

तिने कमरेवर हात ठेवले. मग म्हणाली, "दादा, आमचे देव खाडीच्या अंगाला हायेत. सगळे मिळून तीन. मी तिघांना वळकते. ह्यो चवथा कुठला?"

एवढ्यात आमच्या हेडक्लार्कने पाटीवरचं फडकं जरा वर केलं होतं. "पापलेट ताजं दिसतंय. कसं दिलं?"

"आधी माजी खोली दे, मग पापलेट घे," हिरूबाई मान न वळवता म्हणाली. तरी तीन क्लार्क पाटीभोवती जमलेच. त्यांतल्या दोघांनी तिची फाइल सकाळी दुसऱ्या गठ्ठ्याखाली ठेवली होती.

मग ती माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली आणि आवाज खाली आणला.

"चंद्री माजी सातव्यात हाय. पयलं बाळंतपण आईच्या घरी. माजं घर म्हंजे एक खोली. दोन पोरगे तिथंच, जाळी तिथंच, वल्ही तिथंच, चूल तिथंच. तिला बाळंत कुठं करू? वल्ह्यांवर? तिची सासू बोलली, जागा नसंल तर नको नेऊ, हितंच र्‍हाऊ दे. मी बोलले, नाय, जागा करते. आता तू कागुद पाठवतोस."

"पण नाडकर्णी म्हणतात की देव फार जुना..."

"नाडकर्णी! त्याला पापलेट मीच देते, बुधवारी आन रईवारी, मागल्या दारानं. वास मातर त्याला पुढल्या दारानं येतो." ती उठली. "त्यो दगड सरकारचा हाय. माजा नवरा जाळं सुकवायला त्याला दोरी बांधायचा. तवा तो हितं नव्हता, पलीकडं होता, बाभळीच्या खोडाशी. सोसायटीवाल्यांनी सरकवला. मी बाजारातून आले तर सरकलेला. इचारलं तर बोलले, देवाला जागा लागते. देवाला कोण नाय म्हणंल? मी देवाला जागा दिली. नाडकर्ण्याला नाय दिली."

ती गेली तेव्हा पाटी निम्मी झाली होती.

आमचे वॉर्ड इंजिनिअर दळवी साहेब काचेच्या पार्टिशनमागे बसत. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी मला आत बोलावलं आणि माझा रिपोर्ट पुढे ओढला.

"वाच."

"श्रींच्या मूर्तीपासून नवीन भिंत सहा फूट अंतरावर आहे," मी वाचलं.

"श्रींच्या! अरे, ही म्युनिसिपालिटी आहे का आरती संग्रह? हद्दीचा दगड कुठं आहे?"

"तोच असावा, साहेब. म्हणजे... देवच."

हद्दीचा दगड म्हणजे सर्व्हे करणाऱ्यांनी जमिनीच्या कोपऱ्यावर पुरलेला खांबासारखा दगड. त्याच्यावर बाण आणि नंबर कोरलेला असतो. तो नकाशावरही असतो. असा दगड कोणी हलवला तर तो गुन्हा आहे. हे मला कॉलेजात शिकवलं होतं, परीक्षेत मी ते लिहिलं होतं आणि त्याला मार्कही मिळाले होते.

"तू त्याला हलव म्हणालास का, खरवड म्हणालास का?"

"मी नमस्कार केला, साहेब."

दळवी साहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला. "भूमापन खात्यातून नकाशाची नक्कल आण. आणि सोसायटीची मिनिट बुकं बघ. ही माणसं शिंकली तरी ठराव करतात. देव हलवला असेल तर नुसता हलवला नसेल, सर्वानुमते हलवला असेल."

नकाशाची नक्कल मिळायला सतरा दिवस लागले. तेवढ्यात मी नाडकर्ण्यांकडे गेलो आणि म्हणालो, "देवाच्या प्रतिष्ठापनेची काही माहिती मिळेल का?"

त्यांना फार आनंद झाला. इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी कपाटातून कापडी बांधणीचं मिनिट बुक काढलं, चष्मा लावला आणि उभं राहून वाचलं.

"ठराव क्रमांक नऊ. श्रीक्षेत्रपाल हे बाभळीच्या खोडास लागून असल्याने भक्तांस प्रदक्षिणा घालता येत नाही. सबब श्रींना विधिपूर्वक चार फूट पूर्वेस सरकवण्यात यावे, व तदनुसार कुंपण सरळ करून घ्यावे. सूचक, अस्मादिक. सर्वानुमते मंजूर."

"चार फूट?" मी विचारलं.

"मोजून चार. जोशी साडेतीन म्हणत होते, पण मी म्हटलं, जाड माणसानं कुठून जायचं?"

मी ठराव उतरवून घेतला. "खाली खरी नक्कल म्हणून सही कराल का?"

त्यांनी सही केली, तारीख घातली, रबर स्टँप मारला. स्टँप नीट उमटला नाही म्हणून दुसऱ्यांदा मारला. इतक्या मन लावून स्वतःविरुद्ध पुरावा तयार करणारा माणूस मी पुढच्या तीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नाही.

सही घेताना मला थोडी लाज वाटली. त्यांनी बिस्किटं पुढे केली तेव्हा जास्त वाटली. मी ती खाल्ली नाहीत.

नकाशा आल्यावर आम्ही रीतसर मोजणी ठेवली. दोन्ही बाजूंना आगाऊ पत्रं गेली. सोसायटीची चौदाच्या चौदा घरं आली, बायकाही आल्या. हिरूबाई त्या दिवशी बाजारात गेली नाही. तिची चंद्री आता आठवा लागून आईकडे आली होती. ती अर्ध्या भिंतीला टेकून, पोटावर हात ठेवून उभी होती. तिच्या मागे विटांचा ढीग तसाच पडला होता.

दळवी साहेब स्वतः आले. ते म्हणाले, "आधी दगड ओळखा. हा नकाशावरचाच आहे ना?"

म्हणजे शेंदूर काढायला हवा. मी सखारामाकडे बघितलं. सखारामाने आकाशाकडे बघितलं.

"शेंदूर काढणार?" नाडकर्णी म्हणाले. "देवाला हात लावाल तर याद राखा. चौदा कुटुंबांच्या भावनांचा प्रश्न आहे."

"सरा बाजूला," हिरूबाई म्हणाली. तिने आधी हात जोडले, कपाळ टेकलं. मग पदर खोचून तेलाचा बोळा घेऊन खाली बसली. "देवा, जरा तोंड धुते हां तुजं. रागावू नको. तुजंच काम हाय."

शेंदूर पुटापुटाने निघाला. आतून पहिल्यांदा बाण दिसला. सोसायटीतून एक आवाज आला, "बघा! त्रिशूळ!" बाणाच्या खालून एक आकडा निघाला. मग दुसरा. मग तिसरा. मी मोठ्याने नंबर वाचला. दळवी साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं आणि तोच नंबर वाचला.

साडेतीन फूटवाले जोशी हळूच म्हणाले, "नंबर असलेला देवही असू शकतो."

पुढचं काम साधं होतं. दगड हलू शकतो, पण रस्त्याकडेची दगडी विहीर हलत नाही. नकाशाप्रमाणे विहिरीच्या कठड्यापासून दगड एकशे बारा फुटांवर हवा होता. आम्ही साखळी टाकली. साखळी म्हणजे लोखंडी कड्यांची, तेहेतीस फूट लांबीची. ती टेपसारखी वाऱ्याने फुगत नाही आणि कोणाच्या दबावाखालीही येत नाही. तीन साखळ्या आणि वर सतरा फूट. एकशे सोळा.

"चार फूट जास्त," मी म्हणालो.

"ठराव क्रमांक नऊ," दळवी साहेब म्हणाले.

खऱ्या हद्दीवर सखारामाने खुंटी ठोकली. ती बाभळीच्या कुजलेल्या खोडापाशी बसली. तिथून हिरूबाईची भिंत दहा फूट. ना इंच कमी, ना इंच जास्त.

"मी काय बोलले व्हते?" हिरूबाई माझ्याकडे बघून म्हणाली. मी फील्ड बुकात बघत राहिलो.

पण सखाराम थांबला नव्हता. बावीस वर्षांची नोकरी असलेला माणूस हातात टेप असली की ती दोन्ही बाजूंना लावून बघतो. तो कुंपणाच्या सोसायटीकडच्या अंगाला गेला आणि तिकडून ओरडला, "साहेब, सेक्रेटरी साहेबांची नवी बाथरूम! नव्या खुंटीपासून सहा फूट!"

नाडकर्ण्यांनी दोन वर्षांपूर्वी बंगल्याला बाथरूम वाढवली होती. देव सरकल्यावर कुंपण सरकलं, कुंपण सरकल्यावर बाथरूम. देवापासून ती बरोबर दहा फूट होती. त्यांनी नियम पाळला होता, फक्त दगड आपल्या सोयीचा घेतला होता. शिवाय देव, शेड आणि प्रदक्षिणेची फरशी, सगळं हिरूबाईच्या जमिनीत निघालं.

चौदा सह्यांपैकी तेरा जण पाच मिनिटांत घरी गेले. कोणाचं दूध उतू जात होतं, कोणाला पाहुणे यायचे होते.

दुसऱ्या दिवशी नाडकर्णी ऑफिसात आले. पहिल्यांदाच त्यांच्या हातात टाइप केलेला कागद नव्हता.

"दळवी साहेब, आम्ही तक्रार मागे घेतो. शेजारधर्म म्हणून. तुम्हीही ते बाथरूमचं मोजलेलं मागे घ्या."

"तक्रार मागे घेता येते," दळवी साहेब म्हणाले. "मोजलेलं नाही."

"मग देव पुन्हा पूर्वीच्या जागी नेऊ. ठराव करतो आजच."

"दगड आता भूमापन खातं बसवील. तुम्ही त्याला हात लावू नका. पहिल्यांदा लावलात त्याचं काय करायचं, ते मी अजून ठरवलेलं नाही."

"तो देव आहे, साहेब! देवाला असा हलवता येत नाही."

"तुम्ही हलवलात की एकदा. सही आहे तुमची. आणि स्टँप दोनदा आहे."

आता हिरूबाईची नोटीस तेवढी रद्द करायची राहिली. मला वाटलं, दहा मिनिटांचं काम. मी कागद तयार करून दळवी साहेबांपुढे ठेवला.

"नोटीस काढायला माझी एकट्याची सही पुरते," ते म्हणाले. "मागे घ्यायला तिघांच्या लागतात. त्यातले दोन साहेब फोर्टातल्या मोठ्या ऑफिसात बसतात. जा, फाइल घेऊन बस त्यांच्या दारात."

मी तीन वेळा गेलो. एकदा एक साहेब रजेवर होते. एकदा दुसरे मीटिंगमध्ये होते. तिसऱ्यांदा दोघेही होते, पण फाइलवर एक शेरा आला, मूर्ती व हद्द यांच्यातील संबंध स्पष्ट करावा. तो मी दोन पानांत स्पष्ट केला. तेवढ्यात चंद्रीला नववा लागला. खोलीच्या भिंती अजून छातीपर्यंतच होत्या.

माझी झोप उडाली होती. माझ्या एका आकड्यामुळे ते काम अडलं होतं. मी हिरूबाईकडे गेलो, पहिल्यांदाच तिच्या अंगणात. म्हणालो, "बाई, सही आज येईल, उद्या येईल. पण तोपर्यंत वीट ठेवलीत तर नोटिशीचा भंग होईल."

"वीट नाय ठेवायची?"

"बांधकाम करायचं नाही."

"बांबू?"

मी विचार केला. "बांबू म्हणजे... रोवायचे नाहीत. टेकवले तर चालतील."

"आन शीड?"

मला कळलं नाही. तिने मोठ्या पोराला हाक मारली. दुपारपर्यंत दोघा भावांनी भिंतीवर बांबू आडवे टाकले, कडेला बांबू टेकवून उंची केली आणि वरून होडीचं जुनं शीड ओढलं. कोपरे दगडांना बांधले. बाजूंना जाळी आणि जाळ्यांवर गोणपाटं. आत चंद्रीसाठी बाज टाकली. खोली तयार झाली. मिठाचा आणि डांबराचा वास येत होता, पण वारा खेळत होता. सेटबॅकचा उद्देश तोच आहे.

मी धावत ऑफिसात आलो आणि दळवी साहेबांना विचारलं, "होडीचं शीड बांधकामात मोडतं का?"

त्यांनी नियमाचं पुस्तक उघडलं. बराच वेळ पानं उलटली. "छप्पर म्हणजे कौल, पत्रा, स्लॅब, झावळ्या," ते म्हणाले. "शिडाचा उल्लेख नाही. हे पुस्तक लिहिणारे साहेब बोटीने आले असतील, पण शिडाखाली कोणी बाळंत होईल असं त्यांना वाटलं नसणार. राहू दे."

त्यानंतर आठव्या दिवशी चंद्रीला मुलगी झाली. सुईण वेसाव्याची होती. मुलगी चांगली सणसणीत होती आणि आवाज आजीचा होता. त्यानंतर अकरा दिवसांनी नोटीस रद्द झाल्याचा कागद आला, तिन्ही सह्यांसकट. मी तो घेऊन गेलो तेव्हा हिरूबाईने तो उलटसुलट करून बघितला.

"हे काय?"

"तुम्हाला खोली बांधायला हरकत नाही."

"बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली आणि कागद तांदळाच्या डब्याखाली ठेवला. गवंडी दुसऱ्या दिवशी आला.

नाडकर्ण्यांच्या बाथरूमचं मात्र राहिलं होतं. असं बांधकाम दंड भरून कायम करता येई, पण त्याला शेजाऱ्याची लेखी ना-हरकत लागे. ज्या बाजूला जागा कमी पडली आहे, त्या बाजूच्या शेजाऱ्याची. त्या बाजूला शेजारी एकच होती.

ते तिच्याकडे गेले तेव्हा पडताळणीसाठी मलाही जावं लागलं. नाडकर्णी अंगणात उभे राहिले. आत मूल रडत होतं.

"हिरूबाई, एक सही हवी होती. म्हणजे अंगठा चालेल."

"कशापायी?"

नाडकर्ण्यांनी माझ्याकडे बघितलं. मी समजावून सांगितलं. ती हसली नाही. तिने अंगठा पुढे केला. शाई लावून कागदावर टेकवला.

"अहो, वाचून तरी घ्या," मी म्हणालो.

"त्याची बाथरूम पाडून मना काय मिळंल रं?" ती म्हणाली. "तो आंघोळ करू दे. नायतर बुधवारी पापलेट कोण घेईल?" मग नाडकर्ण्यांकडे वळून म्हणाली, "आन देव हाय तिथंच राहील. सरकारला तिथं दुसरा दगड बसवायचा तर बसवू दे. ह्याला आता चौदा घरांच्या दिव्याची सवय लागली. माज्या जागेत हाय, मी सांभाळीन. तुमी प्रदक्षिणेला यायचं तर खुशाल या. पण येताना हाक मारत या, पोरगी झोपलेली असते."

भूमापन खात्याने खऱ्या हद्दीवर नवा दगड पुरला, नवा बाण कोरून. जुन्याच्या अंगावर हिरूबाईने पुन्हा शेंदूर लावला. त्या महिन्याच्या सोसायटीच्या मिनिट बुकात काय लिहिलं गेलं, ते मी नंतर पाहिलं. 'सोसायटीच्या उदार व पुरोगामी धोरणामुळे शेजारील बांधकामाचा वाद सामोपचाराने मिटला. सेक्रेटरींचे अभिनंदन. सर्वानुमते मंजूर.'

दळवी साहेबांनी माझ्या सर्व्हिस बुकात काही लिहिलं नाही. फक्त माझा पहिला रिपोर्ट फाइलमधून न काढता तसाच ठेवला आणि म्हणाले, पुढच्या नव्या मुलाला दाखवायला उपयोगी पडेल. तो पुढे बऱ्याच मुलांना दाखवला गेला. काहींना मी स्वतः दाखवला.

सेटबॅकच्या कामात टेप सगळ्यात शेवटी काढायची असते. त्याआधी एक प्रश्न विचारायचा, हा दगड पहिल्यापासून इथेच आहे का? आणि तो तक्रार करणाऱ्याला विचारायचा नाही. त्याच्याकडे नेहमी उत्तर तयार असतं, चहाही असतो. ज्याची भिंत पाडायला आपण निघालो आहोत, त्याच्याकडे जाऊन विचारायचा. तो घरी नसेल तर परत यायचं. त्यासाठीच आपल्याला पगार मिळतो.